कराची–मुंबई : एका अंतराचा इतिहास

नकाशावर पट्टी ठेवून पाहिले, तर कराची आणि मुंबई यांमधले सरळ अंतर सुमारे ८८० किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने साडेपाचशे मैल भरते. हे अंतर कधी वाढले नाही की घटले नाही. बदलत गेला तो ते ओलांडण्याचा वेळ. आणि त्या वेळेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८४७ ते १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच मोडत असे. कराचीचा कारभार मुंबईहून चाले, आणि तिकडचे विद्यार्थी परीक्षेला बसत ते मुंबई विद्यापीठाच्या. सिंधमध्ये शिक्षणाचा पाया घालणाऱ्या नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाचे विद्यालय कराचीत आजही उभे आहे. या दोन बंदरांना जोडणारी खरी वाट समुद्राची. आगबोटीने जायचे म्हणजे दिवसांचा हिशेब करावा लागे.

१९२९ साली इंपीरियल एअरवेजची टपाल विमाने लंडनहून कराचीपर्यंत येऊ लागली. मग ते टपाल पुढेही हवेतूनच का जाऊ नये? नेव्हिल व्हिंटसेंट या वैमानिकाने ही कल्पना टाटांपुढे मांडली. त्याच वर्षी वैमानिकाचा परवाना मिळवलेल्या जे. आर. डी. टाटांनी ती उचलून धरली. सरकारी मंजुरीला मात्र वर्षे लागली.

अखेर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. एकटेच ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानात बसून कराचीहून निघाले. जवळ बिनतारी यंत्र नाही, खाली वाट दाखवणारा दिवा नाही. वेग ताशी सुमारे शंभर मैल. वाटेत अहमदाबादला उतरले, तेव्हा विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकले. प्रवास सुमारे सात तासांचा. तेथून व्हिंटसेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे निघाले.

जुहूचे ते मैदान म्हणजे समुद्राकाठची सखल जमीन. पावसाळ्यात तेथे पाणी साचे. मग सारा संसार गुंडाळून पुण्याला येरवड्याजवळच्या मैदानावर हलवावा लागे. अशा या ओढाताणीतून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

१९४७ च्या फाळणीने हा घरचा मार्ग परदेशचा झाला. जेट विमाने आली, तसा हा प्रवास दीड तासांच्या आसपास आला. पण यंत्राने वाचवलेला वेळ राजकारणाने गिळला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आकाशाची दारे मिटली; १९७६ साली ती पुन्हा उघडली. पुढेही ती कधी उघडत, कधी लागत राहिली. या दोन शहरांमधली थेट विमानसेवा २०१७ नंतर उरली नाही.

आता विमानाने जायचे, तर बहुधा दुबईचा वळसा. मुंबईहून दुबई सुमारे १,९०० किलोमीटर, आणि तेथून कराची आणखी बाराशेच्या घरात. नुसते उड्डाणच पाच तासांहून अधिक. त्यात मधला मुक्काम धरला, तर १९३२ चे ते चिमुकले विमान आजच्या जेटच्या आधी पोहोचेल!

गावे मैलांनी दूर होत नाहीत. ती दूर होतात माणसांच्या दुराव्याने, आणि त्यावर मात करणारे इंजिन अजून निघायचे आहे.