कोंड्यातले बळ

माळ घातली, मांसाहार सुटला, म्हणजे आहाराचे काम झाले असे आपण माळकरी धरून चालतो. ताट सात्त्विक झाले खरे. पण त्यात बळ किती उरले, हा प्रश्न वेगळा. जावा बेटावरची एक जुनी हकीकत इथे आठवते.

तिथे डच राजवटीत बेरीबेरीने सैनिक आणि कैदी मरत. आधी पायांना मुंग्या, मग बधिरपणा. मज्जातंतू निकामी होऊन माणूस चालेनासा होई आणि शेवटी हृदय थकत असे. रोगाचा जंतू शोधायला १८८६ साली हॉलंडहून पथक आले. ते परतले, पण सोबतचा डॉक्टर क्रिस्तियान आइकमन बाटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, राहिला. त्याच्या प्रयोगातल्या कोंबड्या लटपटू लागल्या. जंतू टोचलेल्या लटपटल्या, तशाच न टोचलेल्याही! काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नवा आचारी आला आणि लष्कराचा भात कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला. (मुक्या जिवांवरचे प्रयोग आपल्याला रुचणारे नाहीत, पण हे ज्ञान आचाऱ्याच्या हट्टातून यावे, याचे मला नवल वाटते.)

पुढे फोर्डरमन या अधिकाऱ्याने जावातल्या शंभरावर तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत बेरीबेरी पुष्कळ, कोंड्यासकट खाणाऱ्यांत नावापुरती. आइकमनचा तर्क असा की, भातात विष आहे आणि कोंडा त्यावरचा उतारा. १९०१ मध्ये ग्रिन्सने तो खोडला. विष कुठेच नव्हते. शरीराला हवे ते गिरणीतच निघून गेले होते. १९२६ साली त्याच शहरात कोंड्यातून ते वेगळे काढले गेले. तेच ब-१ जीवनसत्त्व. नोबेल मात्र १९२९ मध्ये आइकमनला मिळाले, ग्रिन्सला नाही.

ते कैदी खात होते तो भात शाकाहारीच होता, हे विसरू नये. आपल्याकडे ‘कोंड्याचा मांडा’ ही गरिबीची म्हण झाली आणि हातसडीचा तांदूळ मागे पडला. बेरीबेरी आज क्वचित दिसते, पण मधुमेह घरोघर आहे. कोंड्याबरोबर चोथा गेला की भाताची साखर रक्तात झपाट्याने चढते. आणि एकादशीचा साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या उपवासाच्या ताटात तो मानाने कसा बसला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.