पाणी ओतणारी मुलगी आणि काचेतली हिरवळ

मी तुमची सहयोगिनी बोलतेय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटातल्या दोघींनी अंतर्गत कर्ज काढून शोभेच्या माशांच्या काचेच्या पेट्या घेतल्या. मासे बुटके सिक्लिड, जेमतेम दोन इंचांचे. नाव परकं वाटेल, पण उजनीच्या धरणातला चिलापी याच कुळातला. दुकानातून पिसासारखी मऊ पाणवनस्पतीही आणली. "कुठलीही लावा, चालते," असं सांगितलं होतं. आठ दिवसांत ती कुजली, पाणी गढूळलं, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. सहातले चार मेले. मी बैठकीला गेले तेव्हा एक जण चिडून म्हणाली, "ताई, माशांना झाडं हवीतच कशाला? प्लॅस्टिकची लावली असती तर हप्ता तरी निघाला असता!"

मला उत्तर देता आलं नाही. बीएला माझा विषय इतिहास. म्हटलं, पेटीत झाड आधी कुणी लावलं आणि का, हेच शोधू. शोधायला गेले तर गोष्ट निघाली बायकांची.

पहिली बाई फ्रान्समधली, जान व्हिलप्रे-पॉवर. जन्म १७९४, खेड्यातला. पॅरिसला जाऊन ती शिवणकाम, भरतकाम करू लागली. एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख तिनं भरला आणि नाव झालं. लग्नानंतर सिसिली बेटावर राहायला गेली. तिथल्या समुद्रात आठ हातांचा, पातळ शिंपल्यातला एक प्राणी असतो. हा शिंपला तो स्वतः बनवतो की दुसऱ्याचा बळकावतो, यावर विद्वानांचा वाद चालला होता. मेलेला प्राणी बाटलीत ठेवून हे कळणार कसं? १८३२ मध्ये तिनं काचेची पेटी करून घेतली, जिवंत प्राणी त्यात ठेवले आणि बघत बसली. शिंपला त्याचाच निघाला. पण तिच्या घराजवळ समुद्र होता, ताजं पाणी हवं तेव्हा मिळत होतं. समुद्रापासून लांब राहणाऱ्यानं काय करायचं?

तो प्रश्न आला लंडनच्या ॲना थिन या बाईपुढे. नवरा धर्मगुरू, घर शहराच्या मध्यात. १८४६ मध्ये ती समुद्रकिनारी गेली, तिथले जिवंत प्रवाळ तिला फार आवडले आणि बरणीत घालून तिनं ते घरी आणले. समुद्राचं पाणी मोजकंच होतं. बंद पाण्यात जीव गुदमरतात हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं उपाय काढला. उघड्या खिडकीपाशी उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, पुन्हा पहिल्यात असं ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. अर्धा-पाऊण तास. ओतायचं कुणी? घरातल्या कामवाल्या मुलीनं. बाईंनी नंतर लिहून ठेवलंय की काम दमवणारं होतं खरं, पण मुलीला त्यात गंमत वाटायची. आता गंमत वाटत होती की नाही, हे त्या मुलीला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. तिचं नावही त्या हकिगतीत नाही. डोक्यावर हंडे वाहिलेल्या आपल्याला पाऊण तास पाणी उचलणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

१८४७ च्या वसंतात थिनबाईंनी जिवंत समुद्रशैवाल चिकटलेले दगड मागवले. वनस्पती प्राणवायू सोडेल, प्राण्यांना तो मिळेल आणि तोल साधेल, हा हिशेब. मुलीचं ओतणं काही लगेच थांबलं नाही, पण वाट सापडली होती.

गोड्या पाण्यात हेच केलं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं. १८४९ मध्ये त्यानं मोठ्या काचपात्रात दोन गोल्डफिश ठेवले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची लांब फितीसारख्या पानांची वनस्पती लावली. सुरुवातीला बरं चाललं. मग जुनी पानं कुजली, काचेवर हिरवा चिकटा धरला, पाणी बिघडलं. अगदी आमच्या गटासारखं! त्यानं झाड काढून नाही टाकलं. तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, पाणी निवळलं, त्यांच्या अंड्यांवर मासेही पोसले. १८५० मध्ये त्यानं हे छापलं. १८५३ ला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि घरोघरी पेट्यांचं वेड पसरलं.

पण गोल्डफिश थंड पाण्यातला. पुढे उष्ण देशांतले मासे आले तेव्हा नुसतं झाड पुरेना; माशाच्या पाण्यात तगेल असंच झाड हवं झालं. आमच्या पेटीतला सिक्लिड, ज्याला रॅम म्हणतात, त्याचं शास्त्रीय वर्णन १९४८ मध्ये झालं; नाव रामिरेझ या गृहस्थावरून ठेवलं. त्याचं घर दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या गवताळ मैदानात, ओरिनोको नदीच्या खोऱ्यातल्या उथळ, कोमट पाण्यात. त्याला २७ ते ३० अंश ऊब लागते. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी राहतो, त्यात झाड कुजलं की उरलेलाही संपतो. आमचे चार मासे असेच गेले. प्लॅस्टिकचं झाड कुजलं नसतं हे खरं, पण त्या मुलीचं काम त्यानं केलं नसतं.

मग लावायचं काय? पहिली निवड जावा फर्न, म्हणजे पाण्यातलं नेचं, आणि आफ्रिकेतलं जाड पानांचं अनुबियास. दोन्ही ऊब सोसतात, कमी उजेडात जगतात. यांचं आडवं खोड हळदीच्या गड्ड्यासारखं दिसतं, म्हणून आपला हात ते पुरायलाच जातो. पुरायचं नाही, कुजतं. दोऱ्यानं दगडाला किंवा पाण्यात मुरलेल्या लाकडाला बांधायचं. रॅम वाळू तोंडात घेऊन चाळतो, नवी रोपं सैल करतो. बांधलेल्याला तो त्रास नाही.

वाळूत लावायला क्रिप्टोकोरिन. श्रीलंकेतली जात बाजारात मिळते, आणि याच कुळातल्या जाती आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही उगवतात. जागा बदलली की हिची पानं विरघळतात. घाबरून उपटू नका, मूळ जिवंत असतं, नवी पानं येतात. वॉरिंग्टनची व्हॅलिस्नेरियाही चालते, पण ती जड पाण्यात जास्त खुलते आणि रॅमला मऊ पाणी मानवतं, म्हणून मी ती तिसऱ्या नंबरावर ठेवीन. सावलीसाठी देशी बदामाचं वाळलेलं पान टाका. पाणी चहासारखं होईल, त्याची काळजी नको. या माशांच्या मुलखात पाणी तसंच असतं.

एक गोष्ट मात्र कडक सांगते. वाढलेली वनस्पती ओढ्यात, विहिरीत टाकायची नाही. वाळवून खतात घाला. नद्या झाकून टाकणारी जलपर्णीसुद्धा या देशात शोभेसाठीच आली होती.

आमच्या दोघींनी पेट्या पुन्हा भरल्यात. आधी नुसती झाडं लावली, महिनाभर मासा नाही. क्रिप्टोकोरिनची पानं गळाली तेव्हा फोन आला, "ताई, परत गेलं सगळं." मी म्हटलं, थांबा. दहाव्या दिवशी दुसरा फोन आला, कोंब दिसला म्हणून.