शिरूरचा 'सत्पुरुष' कर्नल वॉलेस

शिरूर तालुका म्हटले की भाविकांना प्रथम आठवतो तो रांजणगावचा महागणपती. अष्टविनायकांपैकी हे स्थान पुणे-अहमदनगर मार्गावर असल्याने तेथे वर्षभर वर्दळ असते. मात्र याच तालुक्याच्या मुख्य गावी, एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या थडग्यापुढे पंचक्रोशीतील शेतकरी एके काळी नव्या धान्याचा नैवेद्य ठेवीत असत, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

हा अधिकारी म्हणजे कर्नल विल्यम वॉलेस. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला आणि इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या वाटेवर, घोड नदीच्या काठी वसलेल्या शिरूरला तिची छावणी पडली. नदीवरून 'घोडनदी' हेही गावाचे नाव रूढ आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी आदल्या रात्री निघाली होती ती याच छावणीतून.

वॉलेस हा ७४व्या पायदळ पलटणीचा. सप्टेंबर १८०३ मधील असईच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीच्या हाताखाली होता. त्या दिवशी त्याच्या पलटणीची मोठी हानी झाली. पुढच्याच वर्षी होळकरांविरुद्धच्या मोहिमेत चांदवड आणि गाळण्याचे किल्ले त्याने घेतले. तैनाती फौजेचे नेतृत्व त्याच्याकडे असतानाच १८०९ मध्ये शिरूर येथे त्याचे निधन झाले व तेथेच दफन झाले.

यानंतरची हकिकत अधिक लक्षणीय आहे. पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वॉलेसच्या मृत्यूला पाऊणशे वर्षे लोटली होती. तरीही त्याची 'सत्पुरुष' ही ओळख कायम असल्याची नोंद त्यात आहे. ब्राह्मण व मारवाडी वगळता शिरूर आणि आसपासच्या गावांतील सर्व हिंदू या थडग्याची पूजा करतात आणि सुगीच्या वेळी पहिले धान्य तेथे अर्पण करतात, असे गॅझेटियरकारांनी लिहिले आहे. निमोणे, करडे, न्हावरे या परिसरातील गावांची तालुक्याची पेठही शिरूरच; त्यामुळे सुगीच्या दिवसांत छावणीच्या गावी येणाऱ्या बैलगाड्यांची कल्पना करणे अवघड नाही.

ही काही राजनिष्ठा नव्हे. सरकारपुढे वाकणे निराळे आणि थडग्यापुढे नैवेद्य ठेवणे निराळे. गावच्या शिवेवरचा वीरगळ, पिराची जागा, म्हसोबाचा शेंदरी दगड या साऱ्यांना पिकातला वाटा देणाऱ्या माणसाने छावणीतल्या एका सामर्थ्यवान मृतात्म्यालाही त्याच रांगेत बसविले, असेच म्हणावे लागेल. वायव्येकडील हजारा भागात जॉन निकल्सन या इंग्रज सेनानीभोवती असाच भक्तपंथ निर्माण झाला होता. परंतु तो निकल्सनच्या हयातीत, आणि त्याला स्वतःला तो मुळीच रुचला नाही.

विशेष असे की, या पूजेचा ख्रिस्ती धर्माशी काडीचाही संबंध नव्हता. अहमदनगर येथे १८३१ मध्ये केंद्र उघडणारे अमेरिकन मराठी मिशन १८४१ मध्ये शिरूरला पोहोचले. पुढे येथे मिशनची शाळा, उद्योगशिक्षण आणि देशी ख्रिस्ती समाज उभा राहिला. मृतांना नैवेद्य दाखविणे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांना मान्य होणे शक्यच नव्हते. म्हणजे एकाच गावात नवख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमत आणि हिंदू शेतकरी ख्रिस्ती थडग्यापुढे धान्य ठेवीत.

तालुक्याच्या पश्चिमेस पाबळला मस्तानीचे विश्रांतिस्थान आहे. हे गाव बाजीरावाने तिला इनाम दिले होते. १७४० मध्ये बाजीरावापाठोपाठ तीही गेली. तिच्या कबरीला कोणी मजार म्हणतात, कोणी समाधी. तिचा पुत्र समशेरबहाद्दर मुसलमान म्हणून वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून जखमी झाला व मरण पावला. स्थळाला दोन नावे पडावीत यात मग नवल ते काय!

रांजणगावचे भाग्य निराळे. तेथील गाभारा थोरल्या माधवरावांनी बांधविला, सभामंडप इंदूरच्या किबे सरदारांनी. अशा देवस्थानांना सनदा मिळाल्या, पुढे विश्वस्त मंडळे आली, यात्रेच्या वाटा ठरल्या. सत्पुरुषाच्या थडग्याला ना पुजारी होता, ना इनाम, ना पोथी. लोकांनी आणून दिलेले मूठभर धान्य हाच त्याचा सारा कारभार. त्यातही तो गॅझेटियरच्या इंग्रजी पानांत नोंदला गेला म्हणून आज सांगता तरी येतो. तालुक्यातल्या कितीतरी वीरांच्या आणि पिरांच्या जागांना तेवढीही ओळ लाभलेली नाही.