धुऱ्यावरचा पिवळा धोतरा

पऱ्हाटीची उलंगवाडी झाली की दारव्हा-दिग्रसकडच्या धुऱ्यांवर आणि नाल्याकाठी पिवळा धोतरा फुलतो. काटेरी पानं, पातळ पाकळ्या आणि देठ मोडला की पिवळाजर्द चीक. निंदणाच्या बाया त्याला शिव्या घालत उपटतात. माझी आजी तोच चीक खरजेवर लावायची. शाळेत जीवशास्त्र शिकवताना मी तो वर्गात न्यायचे, तेव्हा पोरांना हे झाड मूळचं इथलंच वाटे. प्रत्यक्षात ते युरोपीय जहाजांच्या काळात अमेरिका खंडातून आलेलं आहे.

आपल्या देशातला त्याचा लेखी इतिहास मात्र विषबाधेचा. दाणा काळा, बारीक. मोहरीत मिसळला तर सहज खपून जातो. १८७७ साली कोलकात्यात पाय सुजण्याची साथ आली, पुढे अशा साथी येतच राहिल्या आणि १९२६ मध्ये डॉ. सरकारांनी या बियांच्या तेलाकडे बोट दाखवलं. तरी १९९८ मध्ये दिल्लीत भेसळीच्या तेलानं साठहून अधिक माणसं दगावलीच. आमच्याकडे खाण्यात जवस, करडई, भुईमुगाचं तेल, मोहरी फोडणीपुरती. म्हणूनच बहुधा या तणाची धास्ती इथं कधी कोणी घेतली नाही.

त्या विषाचं नाव सँग्विनारिन. साथीनं हैराण झालेल्या त्याच कोलकात्यात मोतीलाल मैती आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की हा चपटा रेणू डीएनएच्या पायऱ्यांच्या मधल्या फटीत शिरून बसतो.

डीएनए म्हणजे दोन पदरांचा पीळ, असं मीही फळ्यावर काढत आले. पण इवार बँग यांना १९१० मध्येच दिसलं होतं, की ग्वानिलिक आम्लाचं दाट द्रावण जेलीसारखं घट्ट होतं. त्याचं कारण कळायला १९६२ उजाडलं. मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की चार ग्वानिन हातात हात घालून चौकोन करतात आणि चौकोनावर चौकोन रचला जातो. गुणसूत्रांच्या टोकांशी ग्वानिनची रेलचेल असते, त्यामुळे तिथं अशी चौपदरी रचना होऊ शकते. १९९१ मध्ये अमेरिकेत थॉमस चेक यांच्या चमूनं प्रयोगनळीत ही रचना घट्ट केली, तर टेलोमरेज या विकराला टोक लांबवता येईना. बहुतेक कर्करोगी पेशी याच विकराच्या जोरावर न थकता विभागत राहतात.

मग असा चौपदर पक्का करणाऱ्या रेणूंचा शोध सुरू झाला. चपटे रेणू त्या चौकोनावर नीट बसतात. दारुहळदीतलं बर्बेरिन तसं बसतं, आमच्या धोतऱ्यातलं सँग्विनारिनही. पेशी विभागण्याआधी डीएनएची प्रत काढते. सुतात गाठ आली की चाती अडते, तशी ही नक्कल चौपदरापाशी अडते. मग डीएनए तुटतो, तुटल्याची हाकाटी होते, पेशी विभाजन थांबवते किंवा मरते. ज्या गाठींमध्ये बीआरसीए ही दुरुस्तीची जनुकं निकामी असतात, तिथल्या पेशींना हा घाव अधिक लागतो.

हे वाचून कोणी धोतऱ्याचा काढा करील याची मला भीती वाटते. नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयातून परतलेल्या एका गावकऱ्यानं मला विचारलंच होतं, ‘बाई, याचा रस चालते का?’ नाही चालत. सँग्विनारिनला साधा दुपदरी डीएनएही चालतो आणि चौपदर तर निरोगी पेशींतही असतात. चौपदर नेमका हेरणारा रेणू घडवणं हेच खरं अवघड काम आहे. मुंबईच्या आयआयटीत पी. आय. प्रदीपकुमार यांचा गट असे रेणू बनवून पाहतो.

माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्यांत सीएक्स-५४६१ हा एक आहे. तो बनवला होता दुसऱ्याच कामासाठी. चौपदराशी त्याचं नातं २०१७ मध्ये पुढं आलं. कॅनडातल्या चाचणीत काही रुग्णांना उपयोग झाला, पण त्याच्या मात्रेला मर्यादा घातली ती उन्हानं. औषध घेतलेल्यांची कातडी उजेडात भाजत होती. कॅनडात सावली तरी मिळते. वैशाखात यवतमाळच्या वावरात राबणाऱ्या बाईला हे औषध द्यायचं, तर आधी तिच्या मजुरीची सोय लावावी लागेल.