डहाणू व तलासरी तालुक्यांतील संगणक आज्ञावली शिक्षण

डहाणू आणि तलासरी हे महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागातील, गुजरात सीमेजवळचे दोन आदिवासीबहुल तालुके आहेत. येथील विद्यार्थ्यांना संगणक आज्ञावली (प्रोग्रॅम) लिहिण्याचे प्राथमिक शिक्षण एकाच संस्थेत मिळत नाही. कनिष्ठ महाविद्यालयातील माहिती तंत्रज्ञान विषय, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा अभ्यासक्रम, मुंबई विद्यापीठाच्या पदवीचे पहिले वर्ष, मुक्त विद्यापीठ आणि शासनमान्य प्रमाणपत्र परीक्षा अशा वेगवेगळ्या वाटांनी ते घ्यावे लागते. अमेरिकेत हे काम प्रामुख्याने समुदाय महाविद्यालये (कम्युनिटी कॉलेज) करतात. भारतात ते वरील संस्थांमध्ये विभागलेले आहे. संगणक वापरण्याचे शिक्षण आणि संगणकाला आज्ञा देण्याचे शिक्षण यांतील अंतर, तसेच घरची बोली, शाळेची भाषा व आज्ञावलीची भाषा यांतील अंतर हे या भागातील संगणक शिक्षणाचे दोन मुख्य प्रश्न आहेत.

पार्श्वभूमी

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ९० टक्के, तर डहाणू तालुक्यात दोन तृतीयांशांहून अधिक होते. वारली ही येथील सर्वांत मोठी जमात असून कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी व कातकरी या जमातीही येथे राहतात. शासकीय आश्रमशाळांचा कारभार एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या डहाणू कार्यालयामार्फत चालतो.

या भागाला शिक्षणातील प्रयोगांची जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत या कामात आल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तेव्हा शाळाच कुरणात न्यावी, या विचारातून तेथे ‘कुरणशाळा’ आकाराला आली. पाने, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातील वस्तूंपासून शैक्षणिक साधने तयार करण्यात आली. मुलाला जे आधीपासून ठाऊक आहे, तेथून शिकवण्यास आरंभ करावा, हे या प्रयोगाचे सूत्र होते.

१९४५ मध्येच तलासरी भागातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला वेग आला. त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे नाव आज तलासरी येथील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयाला दिलेले आहे. डहाणू तालुक्यात बोर्डी येथे गोखले एज्युकेशन सोसायटीचे एन. बी. मेहता विज्ञान महाविद्यालय आहे. ही दोन्ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत.

समुदाय महाविद्यालयाची संकल्पना

समुदाय महाविद्यालय म्हणजे स्थानिक लोकांच्या गरजेनुसार अल्प मुदतीचे, कमी खर्चाचे व प्रवेशास सुलभ असे शिक्षण देणारी संस्था. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९०१ मध्ये स्थापन झालेले जोलिएट ज्युनियर कॉलेज हे या प्रकारचे आद्य सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये समुदाय महाविद्यालय सुरू केले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यमान महाविद्यालयांमध्येच असे अभ्यासक्रम सुरू करण्याची योजना आखली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पदवीचे एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र आणि दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यास पदविका देण्याची तरतूद आहे. शिक्षण मध्येच थांबले तरी केलेले श्रम वाया जाऊ नयेत, हा या तरतुदीमागील विचार समुदाय महाविद्यालयाच्या कल्पनेशी मिळताजुळता आहे.

शिक्षणाच्या वाटा

एमएस-सीआयटी

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची (एमकेसीएल) स्थापना २००१ मध्ये झाली. एमएस-सीआयटी हा महामंडळाचा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांतील खासगी केंद्रांतून शिकवला जातो आणि त्याची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी संगणक अर्हता म्हणून हे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जात असल्याने ग्रामीण भागात संगणकाशी पहिली ओळख बहुधा याच अभ्यासक्रमातून होते. त्याचा भर संगणक साक्षरतेवर, म्हणजे कार्यप्रणाली, मजकूर संपादन, तक्तापत्रक, सादरीकरण व इंटरनेट यांच्या वापरावर आहे. आज्ञावली लिहिणे हा त्याचा मुख्य विषय नाही.

कनिष्ठ महाविद्यालय

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत माहिती तंत्रज्ञान हा विषय कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांना उपलब्ध आहे. विज्ञान शाखेच्या या विषयात एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी व विदागार (डेटाबेस) यांचा समावेश आहे. विज्ञान शाखेत संगणकशास्त्र हा द्विलक्षी विषयही असून त्यात सी++ ही भाषा दीर्घकाळ शिकवली गेली आहे. अर्थात, हे विषय सर्वच कनिष्ठ महाविद्यालयांत नसतात. ते सुरू करण्यासाठी प्रयोगशाळा व पात्र शिक्षक लागतात.

औद्योगिक प्रशिक्षण संस्था

‘कोपा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा संगणक चालक व आज्ञावली साहाय्यक हा व्यवसाय अभ्यासक्रम एक वर्षाचा असून त्यास दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. कार्यालयीन संगणक वापराबरोबरच संकेतस्थळ रचना व प्राथमिक प्रोग्रॅमिंग हे त्याचे घटक आहेत. प्रात्यक्षिकांना अधिक वेळ असल्याने समुदाय महाविद्यालयातील अभ्यासक्रमाला तो बराच जवळचा ठरतो.

पदवी व मुक्त शिक्षण

मुंबई विद्यापीठाच्या २०१६ च्या सुमाराच्या अभ्यासक्रमात बी.एस्सी. माहिती तंत्रज्ञानाच्या पहिल्या सत्रात सी, तर बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षी पायथन ही भाषा ठेवण्यात आली. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हा पर्याय आहे. केंद्र शासनाच्या ‘नायलिट’ या संस्थेची ८० तासांची ‘सीसीसी’ परीक्षा साक्षरतेपुरती मर्यादित आहे. त्याच संस्थेच्या ‘ओ लेव्हल’ अभ्यासक्रमात मात्र पायथनद्वारे समस्या सोडवण्याची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते.

मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प सी, सी++, पायथन इत्यादी विषयांवर मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिचित्रफिती विनामूल्य देतो. पडद्याच्या एका बाजूला फीत थांबवत दुसऱ्या बाजूला स्वतः आज्ञावली लिहून पाहणे, ही त्याची पद्धत आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

भाषा कोणतीही असली तरी पहिल्या अभ्यासक्रमातील संकल्पना साधारणतः सारख्याच असतात: चल (व्हेरिएबल), निविष्टी व निष्पत्ती, अटी, आवर्तन (लूप), सूची आणि फल (फंक्शन). या संकल्पना स्थानिक व्यवहारातील उदाहरणांनी समजावता येतात. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूची आकारानुसार प्रतवारी करणे हे अटीचे सोपे उदाहरण आहे: फळाचे वजन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पहिली प्रत, नसेल तर दुसरी. टोपलीतील प्रत्येक फळासाठी हीच कृती पुन्हा करणे म्हणजे आवर्तन.

फल ही संकल्पना नवशिक्यांना अवघड जाते. तिच्यासाठी वारली चित्रकलेचे उदाहरण उपयोगी ठरते. डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरातील जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला जगभर पोहोचली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. वारली चित्रातील माणसाचे धड टोकाशी टोक जुळवलेल्या दोन त्रिकोणांचे असते, डोके वर्तुळाचे असते आणि हातपाय रेषांचे असतात. त्रिकोण काढण्याची कृती एकदाच लिहून ठेवली, तिच्या आधारे माणूस काढण्याची कृती लिहिली आणि माणसाच्या कृतीचे आवर्तन करून तारपा नृत्याचा सर्पिल फेर काढला, की लहान कृतींपासून मोठी कृती कशी रचली जाते, हे डोळ्यांसमोर येते. १९६७ मध्ये तयार झालेल्या ‘लोगो’ भाषेतील आणि आज पायथनसोबत येणाऱ्या ‘टर्टल’ या साधनाने अशी चित्रे काढता येतात.

भाषेचा प्रश्न

डहाणू-तलासरीतील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी वारली किंवा अन्य बोली बोलली जाते. शाळेचे माध्यम बहुतांशी मराठी असते. सीमाभागात गुजराती माध्यमाच्या शाळाही आहेत. अकरावी विज्ञानापासून पाठ्यपुस्तके व परीक्षा इंग्रजीत येतात. आज्ञावलीतील ‘इफ’, ‘फॉर’ यांसारखे राखीव शब्दही इंग्रजी असतात. असे राखीव शब्द पायथनमध्ये चाळीसहून कमी आहेत आणि ते थोड्या सरावाने लक्षात राहतात. खरी अडचण संगणकाने दाखवलेले चुकीचे संदेश वाचून समजून घेताना येते. अर्धविराम विसरला आहे की चलाचे नाव चुकले आहे, हे तो संदेश सांगत असतो; पण ते वाक्य न उमगल्यास विद्यार्थी आपल्यालाच प्रोग्रॅमिंग जमत नाही, असे समजू शकतो. ही अडचण तर्कबुद्धीची नसून भाषेची असते.

देवनागरी लिपीची संगणकीय घडण हाही प्राथमिक अभ्यासक्रमातील बोधक भाग ठरू शकतो. ‘डहाणू’ या शब्दात तीन अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये मात्र ड, ह, काना, ण आणि दीर्घ उकार असे पाच घटक नोंदवले जातात. त्यामुळे पायथन या शब्दाची लांबी पाच सांगते. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक घटकाला तीन बाइट लागत असल्याने सी भाषेतील लांबी मोजणारे फल हाच आकडा पंधरा सांगते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण प्रत्येक वेळी मोजण्याची वस्तू वेगळी आहे.

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत (२००८) चलांना देवनागरी नावे देता येतात. वापरकर्त्याने ‘१२’ असे देवनागरी अंक टंकले, तरी त्यांचे पूर्णांकात रूपांतर होते. आज्ञावलीच्या मजकुरात संख्या म्हणून थेट देवनागरी अंक लिहिल्यास मात्र चूक दाखवली जाते. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकता येणाऱ्या विद्यार्थ्याला अशा प्रकारे मराठी नावे वापरून सराव करता येतो. पुढील शिक्षणात व नोकरीत मात्र इंग्रजी नावांचाच प्रघात आहे.

प्रवास, साधने व रोजगार

पश्चिम रेल्वेचा मार्ग डहाणू तालुक्याच्या किनारी भागातून जातो. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्याने मुंबईकडील महाविद्यालयांत ये-जा करणे सोपे झाले. तलासरी हे राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आहे, परंतु तेथे रेल्वे स्थानक नाही. पूर्वेकडील पाड्यांवरील विद्यार्थ्यांना एस.टी. बस किंवा सामायिक वाहनांवर अवलंबून राहावे लागते. प्रोग्रॅमिंग हा सरावाचा विषय असल्याने प्रयोगशाळेतील तास बुडाला तर तो केवळ पुस्तक वाचून भरून निघत नाही. दिवाळीनंतर वीटभट्ट्या व इतर कामांसाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतरामुळेही शिक्षणात खंड पडतो. मोबाइलवर चित्रफीत पाहणे सोयीचे असले, तरी लांब आज्ञावली टंकणे, फायली नीट लावणे व चुका शोधणे यांसाठी कळफलक असलेला संगणकच सोयीचा असतो.

केंद्र शासनाच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेनुसार डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित झाला असून तेथे उद्योगांवर निर्बंध आहेत. त्यामुळे औद्योगिक रोजगारासाठी येथील तरुण बोईसर-तारापूर, उंबरगाव, वापी व मुंबईकडे जातात. स्थानिक पातळीवर संगणकाशी निगडित कामे मुख्यतः ग्रामपंचायतीतील सेवा केंद्रे, शासकीय कार्यालये, शाळा व दुकाने येथे असतात. त्यांत माहिती भरणे व टंकलेखन यांना अधिक मागणी असते. आज्ञावली लिहिण्याचे काम मिळवण्यासाठी बहुधा गाव सोडावे लागते.

मूल्यमापन

संगणक साक्षरतेच्या प्रमाणपत्रांमुळे नोकरीच्या अर्जांतील एक अडसर दूर झाला आणि पाड्यांवरील तरुण संगणकापर्यंत पोहोचले. मात्र प्रमाणपत्र आणि प्रोग्रॅमिंगचे कौशल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात तयार साधन वापरता येते, तर दुसऱ्यात एखाद्या कामाचे टप्पे पाडून नवे साधन घडवता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून कोडिंगची ओळख करून देण्याचा विचार मांडलेला आहे. डहाणू-तलासरीसारख्या भागात त्याचे यश प्रयोगशाळा, नियमित वीज व शिक्षक यांच्याइतकेच मातृभाषेतील स्पष्टीकरणावर आणि परिसरातील उदाहरणांवर अवलंबून राहते. कोसबाडच्या टेकडीवर पूर्वप्राथमिक शिक्षणात वापरलेले परिसरापासून आरंभ करण्याचे सूत्र येथेही लागू पडते.

हेही पहा

डहाणू तालुका
तलासरी तालुका
अनुताई वाघ
गोदावरी परुळेकर
वारली चित्रकला
महाराष्ट्र ज्ञान महामंडळ
पायथन (आज्ञावली भाषा)
युनिकोड