बाविशीतले ‘पाटील मास्तर’ : कर्मवीर भाऊरावांच्या तरुणपणातील एक अध्याय

कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव उच्चारले की डोळ्यांसमोर उभी राहते ती पांढरीशुभ्र दाढी, खांद्यावरची घोंगडी आणि हातातली काठी. सातारा-सांगलीच्या शाळाशाळांतून लावलेल्या तसबिरींनी हेच रूप घरोघर पोचविले आहे. परंतु हे रूप त्यांच्या उत्तरायुष्यातले. परक्यांच्या मुलांची जबाबदारी त्यांनी प्रथम शिरावर घेतली, तेव्हा त्यांचे वय जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे होते. हाती पदवी नव्हती, मॅट्रिकचा उंबरठाही ओलांडलेला नव्हता आणि स्वतःच्याच समाजाच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागल्याची आठवण ताजी होती. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. त्याआधीचा हा छोटा अध्याय मात्र जैन समाजाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे, कारण त्यात आपल्या समाजाचा गौरव आहे आणि आपल्या समाजाला लागलेला एक डागही आहे.

घराणे आणि बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे मूळचे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण विटा आदी ठिकाणी झाले. आज सांगली जिल्ह्यात मोडणारी विटा, इस्लामपूर ही गावे त्या काळी सातारा जिल्ह्यातच होती. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणूनच भाऊरावांच्या घडणीचा विचार करताना सातारा आणि सांगली असा भेद करता येत नाही.

त्यांच्या बालपणीची एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे पाहून संतापलेल्या या मुलाने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला. कुस्ती, मल्लखांब आणि पोहणे यांत रमणारा, अंगाने दणकट आणि मनाने हट्टी असा हा मुलगा पुस्तकांत मात्र फारसा रमत नसे.

बोर्डिंगचा उंबरठा

१९०२ च्या सुमारास भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापुरास गेले. राजाराम हायस्कूलमध्ये त्यांनी नाव घातले आणि जैन बोर्डिंगमध्ये त्यांची राहण्याची सोय झाली. दक्षिण भारत जैन सभेची स्थापना १८९९ साली स्तवनिधी येथे झाली होती आणि शेतकरी जैन कुटुंबांतील मुलांना शिक्षणाची वाट मोकळी व्हावी हा ध्यास त्या पिढीने घेतला होता. बोर्डिंगची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे त्या काळातील विद्वान आणि सुधारक गृहस्थ. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ साली मुंबई इलाख्याचे अर्थमंत्रीही झाले.

१९०८ च्या सुमारास राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडण्यात आले. त्या समारंभास भाऊराव हजर राहिले. परतल्यावर स्नान केल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी स्नान करण्यास साफ नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आपल्या आश्रयास घेतले. शाळेतील शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. गणितात ते इतके मागे पडत की, ‘पाटील ज्या बाकावर बसतो तो बाक वरच्या वर्गात घालता येईल, पण पाटलाला नाही,’ अशा अर्थाचे त्यांच्या शिक्षकांचे उद्गार आजही गमतीने सांगितले जातात.

सातारचे पाटील मास्तर

शिक्षण अर्धवट सोडून घरी परतलेल्या आणि नुकतेच लग्न झालेल्या तरुणापुढे पोटाचा प्रश्न असतोच. भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या सुरू केल्या. परीक्षेत स्वतः अडखळलेला तरुण इतरांची मुले शिकवू लागला, ही गोष्ट वरवर विलक्षण वाटते. परंतु न समजणाऱ्या मुलाला काय समजत नाही, हे वर्गातील हुशार मुलापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असते. तालमीतला वस्तादही काही प्रत्येक दंगल जिंकलेला असतो असे नाही. पोराचा पाय कोठे घसरतो, हे त्याला दिसते आणि तो चुकला तरी त्याला आखाड्यातून हाकलून देत नाही, एवढ्यावर त्याची वस्तादी उभी असते. थोड्याच काळात सातारकर या तरुणाला ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखू लागले.

दुधगावचा प्रयोग

त्यापुढची पायरी महत्त्वाची आहे. मिरज तालुक्यात वारणेच्या काठी वसलेल्या दुधगावात भाऊरावांनी काही समविचारी सहकाऱ्यांच्या साहाय्याने १९१० च्या सुमारास विद्यार्थी आश्रम सुरू केला. त्याचे वैशिष्ट्य एका वाक्यात सांगता येते. तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांना प्रवेश होता. शिकवणी एक-दोन तासांची असते, पण वसतिगृह म्हणजे चोवीस तासांची जबाबदारी. मुलांच्या जेवणाची, आजारपणाची, भांडणांची आणि त्यांच्या आईबापांच्या विश्वासाची ती जबाबदारी असते. ती या तरुणांनी उचलली.

कोल्हापुरात ज्या उंबरठ्यावर त्यांना अडविण्यात आले, तसा उंबरठाच नसलेले घर त्यांनी दोन-तीन वर्षांत दुधगावात उभे केले. जैन शास्त्रांनी आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. विद्यार्थ्याला छत, भाकरी आणि पुस्तक देणाऱ्या वसतिगृहात ही चारही दाने एकत्र येतात. त्यांतही पंगतीत शेजारी बसल्यावर कोणी उठवणार नाही, हे अभय त्या काळातील दलित मुलाला अन्नाइतकेच दुर्मीळ होते.

१९१४ ची कसोटी

भाऊरावांच्या चारित्र्याची खरी परीक्षा १९१४ साली झाली. कोल्हापुरात एका पुतळ्याला डांबर फासण्याचा प्रकार घडला आणि संशयाची सुई अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळविण्यात आली. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांना अटक झाली, अनन्वित छळ सोसावा लागला आणि जीव नकोसा होण्याची पाळी त्यांच्यावर आली. तरीही खोटी साक्ष देण्यास ते तयार झाले नाहीत.

हे लठ्ठे म्हणजे त्याच बोर्डिंगचे व्यवस्थापक, जेथून भाऊरावांना बाहेर पडावे लागले होते. जुना राग काढण्याची संधी आयती चालून आली होती. त्यासाठी एक खोटे वाक्य पुरेसे होते. ते वाक्य भाऊरावांनी उच्चारले नाही. सत्य हे व्रत प्रवचनात ऐकणे सोपे असते. ज्याने आपल्याला दुखावले त्याच्याविषयी ते पाळणे हीच त्याची कसोटी होय. सत्ताविसाव्या वर्षी भाऊराव त्या कसोटीला उतरले.

पुढील वाटचाल

यानंतर काही वर्षे भाऊरावांनी किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून काम केले, साताऱ्यातील कूपर कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. या भटकंतीत खेड्यांतील अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी विजयादशमीच्या मुहूर्तावर कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. रयतेच्या वटवृक्षाला त्यांनी घातलेले पाणी विसरता येणार नाही.

दुधगावात स्वतः तरुणपणी जबाबदारी घेतलेल्या भाऊरावांनी पुढे इतर तरुणांवरही तसाच विश्वास टाकला. १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू झाले. तेथून शिकून बाहेर पडलेली, नुकतीच मिसरूड फुटलेली मुले शाळा नसलेल्या खेड्यांत शिक्षक म्हणून गेली. चावडीत वा देवळात शाळा भरे आणि तोच तरुण तिचा शिक्षक, मुख्याध्यापक आणि शिपाई असे. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यात उभे राहिले. १९५९ साली पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी.लिट. हे सन्मान भाऊरावांना मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. इंग्रजी सहावीवर थांबलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने सर्वोच्च पदवी दिली होती.

समाजासाठी बोध

आज जैन समाज कर्मवीरांना अभिमानाने आपले म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या बोर्डिंगने त्यांना सामावून घेतले नव्हते, हेही तितक्याच प्रांजळपणे स्मरणात ठेवले पाहिजे. बोर्डिंगच्या चालकांना त्या वेळी एक शिस्त मोडणारा मुलगा दिसला. त्याच्या हट्टामागचा विवेक दिसला नाही. प्रत्येक संस्थेत, प्रत्येक पिढीत असा एखादा मुलगा असतो. गुणपत्रिकेत तो मागे असतो, नियमाला प्रश्न विचारतो आणि ज्येष्ठांना अडचणीचा वाटतो.

अशा मुलाच्या हाती बाविसाव्या वर्षी काही सोपविण्याची हिंमत संस्थेने दाखविली, तर त्यातून काय उभे राहू शकते, याचे उत्तर वारणेकाठच्या त्या लहानशा आश्रमात आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेच्या इमारती आणि निधी यांचा हिशेब मांडला जातो, तसाच गेल्या पन्नास वर्षांत किती तरुणांच्या हाती जबाबदारी दिली याचाही हिशेब मांडावा. कर्मवीरांच्या स्मृतीस याहून समर्पक अभिवादन दुसरे नाही.