संभाषित इंग्रजीचा अभ्यास

पूर्वतयारीवाचून, समोरासमोर किंवा दूरध्वनीवर चालणाऱ्या सहज संवादातील इंग्रजीची लक्षणे ओळखून त्यांचे वर्णन करणारी भाषाभ्यासाची शाखा. नाटकातील संवाद, वृत्तनिवेदन किंवा पाठ्यपुस्तकातील नमुनासंभाषणे बोलली जात असली, तरी ती आधी लिहिलेली असतात. म्हणून त्यांचा अंतर्भाव उत्स्फूर्त संभाषणात होत नाही.

ध्वनिफितीचा प्रसार होण्यापूर्वी सहज बोलणे जसेच्या तसे टिकविणे दुष्कर होते. त्यामुळे व्याकरणकार मुख्यत्वे ग्रंथांतील भाषेवर विसंबत. रँडॉल्फ क्वर्क यांनी १९५९ मध्ये आरंभिलेले इंग्रजी वापराचे सर्वेक्षण लवकरच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थिरावले. त्यातील नियोजित दहा लाख शब्दांपैकी निम्मे बोललेल्या भाषेचे होते. यान स्वार्टव्हिक यांनी १९७५ पासून स्वीडनमधील लुंड विद्यापीठात ही बोललेली सामग्री संगणकावर आणली. त्यातील ३४ संभाषणे १९८० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दरम्यान, बोलण्याची पाळी एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याची व्यवस्था अमेरिकेत सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ मध्ये मांडली.

उत्स्फूर्त संभाषणात विचार आणि उच्चार एकाच वेळी घडतात. त्यामुळे थबकणे, ‘अं’सारखे पूरक ध्वनी, पुनरुक्ती, अर्धवट सोडलेली वाक्ये आणि चूक लक्षात येताच केलेली दुरुस्ती ही त्याची ठळक लक्षणे होत. संदर्भ उभयतांना ठाऊक असल्याने कर्ता वा क्रियापद गाळले जाते. ‘वेल’, ‘यू नो’, ‘आय मीन’ यांसारखे शब्दप्रयोग बोलण्याला वळण देतात वा वेळ मिळवून देतात. मराठीतील ‘म्हणजे’, ‘बरं का’ यांचे कार्य असेच आहे. श्रोत्याचे हुंकार आणि दोघांचे एकाच वेळी बोलणे ही लक्षणे संवाद हे संयुक्त कार्य असल्याचे दर्शवितात. ती दोष नसून संभाषणाच्या रचनेचे घटक होत.

महाराष्ट्रात भारतीय इंग्रजीच्या संग्रहाधारित अभ्यासाचे काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात झाले. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा भाषासंग्रह सिद्ध झाला. प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० उतारे त्यात असून ते सर्व १९७८ या वर्षातील मुद्रित मजकुरातून घेतले आहेत. अर्थात बोलणारा भारतीय त्यात आला नाही. ही उणीव सिडनी ग्रीनबॉम यांनी १९८८ मध्ये सुचविलेल्या आंतरराष्ट्रीय इंग्रजी भाषासंग्रहाच्या भारतीय विभागाने भरून काढली. त्याच्या आराखड्यातील ५०० उताऱ्यांपैकी ३०० बोललेल्या भाषेचे, व त्यांपैकी ९० समोरासमोरच्या खासगी संभाषणांचे आहेत. वाक्याच्या शेवटी येणारा ‘ना’, तसेच कोणत्याही कर्त्यास लावला जाणारा ‘इझन्ट इट’ हे भारतीय संभाषणाचे विशेष अशा सामग्रीवरून अभ्यासता येतात.

तथापि या संग्रहाची एक मर्यादा लक्षणीय आहे. निदान माध्यमिक शिक्षण इंग्रजी माध्यमातून पूर्ण केलेल्या प्रौढांचीच भाषा त्यात घ्यावी, असा सर्वसाधारण नियम होता. साहजिकच हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथे मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजी बोलू लागलेला विद्यार्थी या नियमाने संग्रहाबाहेर राहतो. त्याची इंग्रजीशी ओळख प्रामुख्याने छापील पानावर होते. म्हणून बोलताना थबकणे वा वाक्य मोडून पुन्हा आरंभ करणे त्याला स्वतःच्या अज्ञानाची खूण वाटते, आणि परीक्षकही पुष्कळदा तसेच मानतो. लंडनच्या सुशिक्षितांच्या ध्वनिमुद्रणांतही हीच लक्षणे विपुल आढळतात, ही गोष्ट त्या दोघांच्याही दृष्टीने महत्त्वाची आहे. भाषेचे अपुरे ज्ञान आणि बोलण्याची स्वाभाविक रीत यांतील भेद ओळखणे, हे या अभ्यासाचे शैक्षणिक प्रयोजन होय.